सायकलला सोनं चढवायचं असेल तर

काळबादेवीतल्या आमच्या कारखान्यात देवाचे मुकुट, प्रभावळी, लग्नातले हार मुलाम्याला येतात. गेल्या दिवाळीआधी गिरगावातला एक मुलगा वडिलांची जुनी हर्क्युलिस सायकल खांद्यावर टाकून दोन जिने चढून आला. "काका, अख्खी सोन्याची करून द्या. बाबांची पंचाहत्तरी आहे." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. ३१ वर्षं हे काम केलंय, आणि सोन्यावर पैसा घालणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी वजन काढा. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं शुद्ध सोनं म्हणजे १९.३ ग्रॅम. फ्रेम आणि पुढचा चिमटा मिळून पृष्ठभाग भरतो चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणजे एका मायक्रॉनला साधारण सहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. आजचा भाव लावून गुणाकार करा. मग कुणीही आकडा सांगितला की त्यात सोनं किती आणि बाकी काय, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

ऑरुमानिया या युरोपातल्या कंपनीनं चोवीस कॅरेट मुलाम्याची, सहाशेहून जास्त स्वारोव्स्की खडे लावलेली सायकल काढली होती. किंमत ८०,००० युरो, नग फक्त १०. लंडनच्या गोल्डजिनीनं तर सोन्याचा मुलामा दिलेल्या रेसिंग सायकलला सुमारे अडीच लाख पौंड लावले. चाकं, पॅडल सगळं धरून पाच मायक्रॉन चढवलं तरी सोनं दहा तोळ्यांच्या आतच बसेल. बाकी किंमत हातकामाची, नावाची आणि 'दहाच आहेत' या गोष्टीची. हातकामाचे पैसे मी आनंदानं मोजेन. नावाचे मोजणार नाही. पण दिवाणखान्यात ठेवून रोज बघण्यात ज्याला सुख आहे, त्याला मी वेड्यात काढणार नाही.

आता हातकाम म्हणजे काय ते सांगतो, कारण मुलामा टिकतो तो त्याच्यावर. जुना रंग पूर्ण उतरवायचा. गंजाचे खड्डे घासून सपाट करायचे: आधी २२० चा पॉलिशपेपर, मग ४००, मग ६००. त्यानंतर बफ मारायचा, आरसा दिसेपर्यंत. सोन्याचा थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. मग तांब्याचा थर, त्यावर निकेल आणि शेवटी सोनं. निकेल वगळलं तर तांबं हळूहळू सोन्यात शिरतं आणि रंग मळतो. मुंबईत आणखी एक धोका आहे. पातळ थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. खारी, दमट हवा त्यातून पोलादापर्यंत पोहोचली की सोन्याखालचं पोलाद उघड्या पोलादापेक्षाही जोरात गंजतं. म्हणून बाहेर फिरणाऱ्या वस्तूला मी निदान २० मायक्रॉन निकेल देतो. आणि नळ्यांची भोकं बंद करून घ्या. आत आम्ल साचलं तर फ्रेम आतून सडते, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मुलाम्याचं सोन्याचं पाणी बहुतेक वेळा सायनाइडचं असतं. घरी करायचे किट मिळतात म्हणून कुणी या भानगडीत पडू नका.

स्पोक, चेन, ब्रेकचे बोल्ट, स्प्रिंगा यांना मुलामा देऊ नका. कडक पोलाद मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. लगेच काही तास भट्टीत तापवून तो काढावा लागतो. सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाच्या स्प्रिंगा न तापवता दिल्या होत्या. आठवड्यात दोन तुटल्या. सायकलीवर तसं झालं तर माणूस पडेल. ब्रेकचं रबर घासतं त्या रिमवरही सोनं नको, पहिल्याच उतारावर जाईल. चेन सोनेरी हवीच असेल तर टायटेनियम नायट्राइडचा थर दिलेली तयार मिळते. त्यात सोनं अजिबात नसतं, पण तो थर सोन्यापेक्षा कितीतरी कडक असतो.

काम देताना बिलावर मायक्रॉन लिहून घ्या. "भरपूर चढवतो" याला अर्थ नाही. एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर ओरखडा न पाडता जाडी मोजता येते.

मुलाला हे सगळं सांगितलं आणि त्याच्याबरोबर बसून सायकल पाहिली. बाबा ती अजून चालवतात, सकाळी चौपाटीपर्यंत. मग फ्रेमला काळा रंगच द्यायचा, टायर आणि ब्रेकचं रबर नवं घालायचं असं ठरलं. सोनं फक्त घंटीच्या वाटीला, दिव्याच्या टोपीला आणि पुढच्या बिल्ल्याला, तीन मायक्रॉन. एवढ्याला जेमतेम सव्वा ग्रॅम लागलं. आमची मजुरी सोन्याहून जास्त झाली आणि मी ती तशीच बिलावर वेगळी लिहिली.

नेताना त्याला बजावलं: समुद्रावरून आलात की ओल्या सुती फडक्यानं टिपा, मग कोरड्यानं. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर काहीही लावू नका. तांब्याच्या देवांना जे चालतं ते इथे चालत नाही. घंटीची खटकी मात्र मी निकेलचीच ठेवली, कारण बाबांचा अंगठा रोज तिथेच बसतो.