सोयाबीन बाधतंय का? आधी दळणाचा डबा बघा

शेवभाजी खाल्ली की रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. वर्षभर मी तिखटाला आणि तर्रीला दोष देत राहिलो. मग एकदा आईची गिरणीची पिशवी उचलली तेव्हा कळलं: दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन! नातवंडांना ताकद यावी म्हणून. एरवी आमच्याकडे भाकरी, शेवभाजी असली की पोळ्या. दोष पोळीचा होता.

तुमचंही 'पोट फुगी ऱ्हायनं' असं असेल तर पुढचं करून बघा. पण ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं यातलं काही सोया खाल्ल्यावर झालं असेल तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा घरी प्रयोग नकोत, डॉक्टरच गाठा. श्वास अडकत असेल तर लगेच १०८ लावा.

न सोसणं वेगळं. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस धरतो. याच साखरा उडीद, हरभरा, तुरीतही असतात. म्हणून आपल्याकडे एक सोपी पडताळणी करता येते: कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाल्ल्यावरही तसंच होतं का? होत असेल तर एकट्या सोयाबीनला धरू नका, एकूण कडधान्याचं प्रमाण बघा.

आता कामाला लागा. आठवडाभर काय खाल्लं, किती वाजता आणि त्रास कधी झाला ते वहीत लिहा. नंतर दोन-तीन आठवडे सोया पूर्ण बंद. सोयावडी, टोफू, सोया दूध तर कळतंच. फसवतात ती पाकिटं. बिस्किटं, ब्रेड, प्रोटीन पावडर यांत सोयापीठ किंवा सोया प्रोटीन असू शकतं. २०२० च्या लेबल नियमांनुसार सोयाबीन असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं, तेव्हा घटकांच्या यादीजवळची ॲलर्जीची ओळ वाचा. रिफाइंड सोयाबीन तेलात या साखरा नसतात, त्यामुळे पोट फुगण्याचा दोष तेलावर टाकू नका. सोया लेसिथिनही, म्हणजे आयएनएस ३२२, इतकं थोडं असतं की न सोसणाऱ्या बहुतेकांना चालतं.

याच काळात नुसत्या गव्हाचं दळण आणा. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात. साध्या पोळीनेही पोट बिघडलं तर संशय गव्हावर जातो. तसं झालं तर गहू बंद करण्याआधी डॉक्टरांकडून सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. आधीच बंद केलात तर तपासणी चुकीची येऊ शकते. न सोसणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या महागड्या आयजीजी चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नका, त्यावरून काही ठरत नाही.

बरं वाटलं की एकेक पदार्थ परत आणा. पहिल्या दिवशी चार सोयावड्या, दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी वाटीभर. वड्या उकळून पाणी फेका आणि घट्ट पिळा, त्या पाण्याबरोबर थोड्या साखरा निघून जातात. जिथे पोट कुरकुरेल त्याच्या अलीकडे थांबा, ते तुमचं माप. मला आठ चालतात.

वजन उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यातलं काही असेल तर वही घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. लहान मुलांचं जेवणही स्वतःच्या मनाने तोडू नका.

सोयाची जागा दूध, दही, अंडी, शेंगदाणे भरून काढतात. आईचं समाधान व्हावं म्हणून आता घरात दोन डबे आहेत. नातवंडांच्या डब्यातलं सोयाबीन ती दळणाआधी नीट भाजून घेते, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेने कमी होतो. माझ्या डब्यावर तिने खडूने 'बाप्याचं' लिहून ठेवलंय.