मेक्सिकोतला ‘वेय’ कुठे चालतो, कुठे नाही

‘वेय’ हा मेक्सिकोच्या बोलचालीतला शब्द ‘बुएय’ म्हणजे बैल या स्पॅनिश शब्दावरून आला. आपण मूर्खाला बैल म्हणतो, तसाच तोही आधी शिवी होता. आता मित्रमैत्रिणींत त्याचा अर्थ ‘यार’: ‘के ओंदा, वेय?’ म्हणजे ‘काय चाललंय, यार?’

पण वाक्य बदललं की अर्थ पालटतो. ‘एसे वेय’ म्हणजे ‘तो माणूस’. ‘नो सेआस वेय’ म्हणजे ‘मूर्खपणा करू नकोस’, इथे जुना बैल अजून जिवंत आहे! ‘से आसे वेय’ म्हणजे कळूनही न कळल्याचं सोंग करतो.

वडीलधारे, साहेब, पोलीस यांच्याशी बोलताना तो अजिबात वापरू नका, उद्धट वाटतो. समोरच्याने आधी वापरला, तरच आपण वापरावा. स्पेनमध्ये मात्र त्याऐवजी ‘तीओ’ म्हणतात.