कंट्रोल चार्ट: सबग्रुप चुकला तर गणित बरोबर असून उपयोग नाही

एक्स-बार आर चार्ट म्हणजे थोड्या थोड्या वेळाने घेतलेल्या पाच-पाच जॉबच्या गटांची (सबग्रुपची) सरासरी आणि रेंज (सर्वात मोठं वजा सर्वात लहान माप) दाखवणारा कंट्रोल चार्ट. त्यावर ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) रेघ मारू नका. चार्टवरचा एक बिंदू म्हणजे पाच जॉबची सरासरी असते, आणि टॉलरन्स असतो एकेका जॉबला. पाचांतला एक जॉब टॉलरन्सबाहेर गेला तरी सरासरी आरामात आत बसते आणि रेघ बघून ऑपरेटर निर्धास्त होतो. चार्टच्या मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारातून काढायच्या असतात. गिऱ्हाइकाला काय हवं आहे हे चार्टला ठाऊक नसतं. प्रक्रिया काल चालत होती तशीच आज चालली आहे का, एवढंच तो सांगतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत एका छोट्या टिपणात हा चार्ट मांडला, तेव्हापासून त्याचं काम बदललेलं नाही.

पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी एकच उदाहरण धरू: लेथवर शाफ्ट फिरवायचा आहे, व्यास २५.०० ± ०.०५ मिमी.

आधी मापक तपासा

टॉलरन्सच्या एक दशांश लीस्ट काउंट (मापकावर वाचता येणारी सर्वात लहान पायरी) पुरे, असा ठोकताळा सर्वत्र वापरतात. इथे एकूण टॉलरन्स ०.१० मिमी, म्हणजे ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर चालायला हवा. जॉब पास-नापास करायला तो चालतोही. चार्टला मात्र नाही. या प्रक्रियेचा सिग्मा (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मापांचा फैलाव सांगणारा आकडा) ०.००८६ मिमी निघतो (हिशेब पुढे आहे), म्हणजे मापकाची एक पायरीच सिग्मापेक्षा मोठी. अशा मापकाने रेंज ०, ०.०१, ०.०२ अशा मोजक्याच आकड्यांवर उड्या मारते आणि चार्ट जिन्यासारखा दिसतो. लीस्ट काउंट सिग्मापेक्षा लहान हवा. इथे ०.००१ मिमीचा मायक्रोमीटर घ्या. दोन ऑपरेटरांकडून तेच दहा जॉब दोनदा मोजून घ्या आणि माणसामाणसांतला फरक किती येतो ते चार्ट सुरू करण्याआधीच बघा.

सबग्रुप: सगळा खेळ इथे आहे

नियम सांगायला सोपा आहे. सबग्रुपच्या आत फक्त प्रक्रियेचा नेहमीचा चढउतार यावा आणि जे बदल पकडायचे आहेत ते दोन सबग्रुपच्या मध्ये पडावेत. म्हणून लेथवर लागोपाठ निघालेले पाच जॉब घ्यायचे, मग एक तास थांबून पुढचे पाच. दर बारा मिनिटांनी एक जॉब उचलून तासाअखेर पाचांची सरासरी काढली, तर त्या तासात टूल झिजल्याचा परिणाम रेंजमध्ये मिसळतो, मर्यादा फुगतात आणि झीज चार्टवर उशिरा दिसते.

सर्वात जास्त फसवणारी चूक चार स्पिंडलच्या, म्हणजे एकाच वेळी चार जॉब फिरवणाऱ्या, मशीनवर होते. प्रत्येक स्पिंडलचा एकेक जॉब घेऊन चारांचा सबग्रुप करणं सगळ्यांनाच न्याय्य वाटतं. आता समजा, तिसऱ्या स्पिंडलचा व्यास कायम ०.०२ मिमी मोठा येतो. हा फरक प्रत्येक सबग्रुपच्या आत पडतो, सरासरी रेंज फुगते आणि मर्यादा दूर जातात. सरासरीचे बिंदू मात्र मध्यरेषेला चिकटून सरळ चालतात. असा चार्ट लोक कौतुकाने भिंतीवर लावतात. निरोगी चार्टवर साधारण दोन तृतीयांश बिंदू मध्यरेषेच्या एक सिग्मा आत (इथे सिग्मा म्हणजे मध्यरेषा ते मर्यादा या अंतराचा तिसरा भाग) असतात, उरलेले बाहेर. सलग पंधरा बिंदू आतच राहिले, तर प्रक्रिया सुधारली असं मानण्याआधी सबग्रुप कसा घेतला ते विचारा. उपाय साधा आहे: प्रत्येक स्पिंडलचा चार्ट वेगळा.

उलट चूक टाकीतल्या द्रावणाची. चांगलं ढवळलेल्या टाकीतून एकाच वेळी पाच नमुने घेतले तर ती पाच रीडिंग नाहीत, एकच रीडिंग पाच वेळा घेतलेलं आहे. रेंजमध्ये फक्त मोजण्यातली चूक येते, मर्यादा अतिशय अरुंद होतात आणि जवळजवळ प्रत्येक बिंदू बाहेर जातो. तिथे एकच नमुना घ्या आणि एकेरी रीडिंगचा, म्हणजे मूव्हिंग रेंजचा चार्ट वापरा. लागोपाठच्या दोन रीडिंगमधल्या फरकांची सरासरी काढा. सरासरी रीडिंगच्या वरखाली २.६६ गुणिले तो फरक या मर्यादा, आणि फरकाची वरची मर्यादा त्याच्या ३.२६७ पट.

किती वेळाने सबग्रुप घ्यायचा? मागच्या चांगल्या बिंदूपासून निघालेला सगळा माल पुन्हा तपासायची वेळ येऊ शकते. तेवढा माल तपासणं परवडेल इतकंच अंतर ठेवा.

मर्यादा काढणं

किमान २० ते २५ सबग्रुप जमवा. या काळात जाणूनबुजून काही बदलू नका, पण जे बदलेल ते लिहून ठेवा: इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) कधी बदलला, बार कुठल्या लॉटचा, कूलंट कधी भरलं.

एक सबग्रुप पाहू: २५.००४, २५.०१२, २४.९९८, २५.००७, २५.००९. सरासरी २५.००६, रेंज ०.०१४. असे २५ सबग्रुप झाल्यावर समजा सरासरींची सरासरी २५.००६ आणि सरासरी रेंज ०.०२० आली. पाचच्या सबग्रुपसाठी तक्त्यातले गुणक आहेत: सरासरीच्या मर्यादांना ए-टू ०.५७७, रेंजच्या वरच्या मर्यादेला डी-फोर २.११४, खालच्या मर्यादेला डी-थ्री शून्य.

सरासरीच्या मर्यादा: २५.००६ ± ०.५७७ × ०.०२०, म्हणजे वर २५.०१७५ आणि खाली २४.९९४५.
रेंजची वरची मर्यादा: २.११४ × ०.०२० = ०.०४२३. खालची नाही.

रेंजचा चार्ट आधी वाचा. रेंजच नियंत्रणात नसेल तर सरासरीच्या मर्यादांना अर्थ नाही, कारण त्या रेंजमधूनच आल्या आहेत. बाहेरचा बिंदू वगळायचा असेल तर त्याचं कारण सापडलेलं आणि दूर केलेलं असलं पाहिजे. ‘विचित्र दिसतो’ हे कारण नव्हे.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या १२५ रीडिंगचं एकत्र स्टँडर्ड डेव्हिएशन काढून त्याच्या तिपटीवर रेघा मारणं. एकेका रीडिंगच्या या मर्यादा सरासरीच्या बिंदूंना लागू पडत नाहीतच. शिवाय त्या दिवसांत व्यास हळूहळू सरकत असेल, तर ते सरकणं डेव्हिएशनमध्ये जमा होतं आणि ज्याला पकडायचं त्यालाच जागा करून दिली जाते. सिग्मा सबग्रुपच्या आतूनच काढा: सरासरी रेंज भागिले २.३२६ (पाचच्या सबग्रुपचा तक्त्यातला आकडा), म्हणजे इथे ०.००८६. चार्ट स्थिर झाल्यावरच क्षमता मोजा. सीपी (एकूण टॉलरन्स भागिले सहा सिग्मा) १.९४ येतो आणि मध्य थोडा वर असल्याने सीपीके (मध्यापासून टॉलरन्सच्या जवळच्या टोकापर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा) १.७१. अस्थिर प्रक्रियेचा सीपीके हा त्या दिवसापुरता आकडा आहे, त्यावर कुणाला शब्द देऊ नका.

बिंदू वाचणं

तीन सिग्माबाहेरचा एक बिंदू. तीनपैकी दोन बिंदू एकाच बाजूला दोन सिग्मापलीकडे. पाचपैकी चार एकाच बाजूला एक सिग्मापलीकडे. सलग आठ मध्यरेषेच्या एकाच बाजूला. हे वेस्टर्न इलेक्ट्रिकचे चार नियम. फक्त पहिला वापरला तर प्रक्रिया ठीक असतानाही सरासरी ३७० बिंदूंमागे एक खोटा इशारा येतो; चारही लावले की तो साधारण ९२ बिंदूंमागे एक येतो. सॉफ्टवेअरमध्ये असतील तेवढ्या सगळ्या नियमांवर टिचकी मारणारा माणूस महिन्याभरात सगळेच इशारे दुर्लक्षित करायला लागतो. पहिल्या आणि चौथ्या नियमावर बहुतेक काम भागतं.

पाचचा सबग्रुप का, याचंही उत्तर इथेच मिळतं. व्यास एक सिग्मा सरकला, तर एकेरी रीडिंगच्या चार्टवर पहिल्या नियमाने तो पकडायला सरासरी ४४ बिंदू लागतात. पाचच्या सबग्रुपला साडेचार.

बिंदू बाहेर गेला की आधी तेच जॉब पुन्हा मोजा. मग मागच्या चांगल्या बिंदूपासूनचा माल बाजूला काढा आणि त्यानंतर मशीनकडे वळा. बाह्य व्यास चढत चालला असेल तर बहुधा इन्सर्ट झिजलेला असतो. रेंज एकदम वाढली तर जॉब चकमध्ये सैल आहे का ते बघा. सापडलेलं कारण चार्टवर त्या बिंदूशेजारीच लिहा, वेगळ्या वहीत नको.

बिंदू आत असताना ऑफसेटला (मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या जागेच्या दुरुस्तीला) हात लावू नका. व्यास ०.००५ मोठा आला म्हणून ऑफसेट तेवढाच कमी करायचा, पुढचा लहान आला की परत वाढवायचा, असं प्रत्येक जॉबला केलं तर फैलावाचं व्हेरियन्स (सिग्माचा वर्ग) दुप्पट होतं, म्हणजे सिग्मा १.४१ पट. मेहनती ऑपरेटरच हे जास्त करतो, त्यामुळे त्याला रागावून काही होत नाही. ऑफसेट कधी बदलायचा ते चार्टवरच लिहून द्या.

मोजता येत नाही तिथे

पास-नापास एवढंच कळत असेल तर पी चार्ट, म्हणजे खराब नगांच्या टक्केवारीचा चार्ट. दर वेळी २०० नग तपासले आणि सरासरी रिजेक्शन ३ टक्के असलं, तर वरची मर्यादा ६.६ टक्के येते: १३ खराब नग आत, १४ झाले की इशारा. म्हणजे रिजेक्शन दुपटीच्या पुढे गेल्याशिवाय एकट्या बिंदूने काही कळत नाही. जिथे माप घेता येतं तिथे पास-नापासवर समाधान मानू नये, ते यासाठी.

मशीनच्या बिघाडांना महिन्यागणिक मोजून सी चार्ट (घटनांच्या संख्येचा चार्ट) लावतात, पण महिन्याला सरासरी दोनच बिघाड असतील तर वरची मर्यादा ६.२४ येते. सात बिघाड होईपर्यंत चार्ट गप्प. खालची मर्यादा तर सरासरी नऊच्या वर गेल्याशिवाय मिळतच नाही, त्यामुळे सुधारणा दिसायची सोय नाही. त्याऐवजी दोन बिघाडांमधले चालू तास नोंदवा. हे तास एका बाजूला खूप ताणलेले असतात, म्हणून प्रत्येक आकड्याचा ०.२७७७ वा घात घ्या: २१६ तासांचे ४.४५ होतात, ४०० चे ५.२८. या आकड्यांवर वरचाच मूव्हिंग रेंजचा चार्ट काढा. त्याची खालची मर्यादा शून्याला जवळजवळ टेकते, तेव्हा बिघाड वाढल्याचा इशारा एकट्या बिंदूकडून मागू नका. मध्यरेषेखाली सलग आठ बिंदू मोजा. दुरुस्ती फळाला आली की आठ बिंदू वर दिसतात, आणि मर्यादा नव्याने काढायची वेळ तीच. दर महिन्याला सवयीने मर्यादा बदलल्या तर हळूहळू होणारी घसरणही त्यांत मुरून जाते.