पेढ्यातली गोळी आणि दिवाणाखालचा कोर्स: कुत्र्या-मांजरांना अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या काळूला गोचीड ताप झाला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली, 28 दिवस. साताऱ्यातलं घर, त्यामुळे कंदी पेढा हाताशी असतोच. गोळी त्यात दडवायची युक्ती मला फार भारी वाटली. काळू पेढा मटकवायचा आणि गोळी गुपचूप दिवाणाखाली टाकून यायचा. झाडताना चार सापडल्या. पोटात गेलेल्यांनीही धड काम केलं नसणार, कारण पेढा म्हणजे खवा, आणि दुधातलं कॅल्शियम हे औषध बांधून ठेवतं. रक्तात कमी उतरतं. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तसंच. गोळी उकडलेल्या चिकनमध्ये द्या. दूध, दही, पनीर त्या वेळी नको. आणि गिळली का, ते तोंड उघडून बघा.

चौथ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून औषध थांबवू नका. किती दिवस द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

मांजराचा मामला नाजूक. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते, पुढे नळी आकसते. म्हणून गोळीमागोमाग सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने 5-6 मिली पाणी हळूहळू पाजा. एन्रोफ्लॉक्सासिन दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर मांजराची नजर जाऊ शकते. वाढत्या पिल्लाच्या सांध्यांनाही ते बाधतं. त्यामुळे कुत्र्याची गोळी अर्धी करून मांजराला, हा हिशोब डोक्यातून काढाच. वजनही अंदाजाने सांगू नका: जनावर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा.

माझा खरा राग कपाटातल्या उरलेल्या स्ट्रिपवर आहे. मांजर शिंकतंय, नाक गळतंय, की घातली अमॉक्सिसिलिन! बऱ्याचदा मूळ विषाणूचं असतं, तिथे अँटिबायोटिक लागू पडत नाही. (पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारात डॉक्टर अँटिबायोटिक देतात, ते खराब झालेल्या आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी.) सोबत पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, मांजराला एक गोळीही जिवावर बेतते. शिवाय कान किंवा जखम परत परत पिकत असेल, तर पुवाचा नमुना तपासून कोणतं औषध चालेल ते कळतं. पण आधीच घरचं औषध पोटात गेलं असेल, तर जिवाणू त्यात उगवतच नाहीत आणि तपासणी वाया जाते.

डोस चुकला? आठवताच द्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर तो सोडा, दुप्पट कधीच नाही. गोळी ओकली, जुलाब लागले किंवा दोन-तीन दिवसांत काहीच फरक नाही, तर मनाने दुसरं औषध न जोडता डॉक्टरांना फोन करा. तोंड सुजलं, श्वास लागला, तर फोनही नको, थेट दवाखाना. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

त्या चार गोळ्या मी पुडीत बांधून डॉक्टरांकडे नेल्या. ते आधी हसले, मग काळूच्या कागदावरच्या तारखा खोडून पुन्हा लिहायला बसले.