अधीक्षिकाबाई, मुलींना बाजाराला धाडा

आश्रमशाळेत नव्यानं रुजू झालेल्या अधीक्षिका विचारतात, "मॅडम, जीवनकौशल्याचा तास कसा घ्यायचा?" मी म्हणते, तास घेऊच नका. कामं द्या, आणि खऱ्या पैशाची द्या.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या मुली घरी शेळ्या राखतात, भावंडं सांभाळतात, बाजार करतात. वसतिगृहात आल्या की ताट आयतं, साबण आयता, घंटा झाली की उठायचं. येत होतं तेही विसरतात. आपणच काढून घेतलेलं आधी परत द्यायचं आहे.

सुरुवात आठवडी बाजारापासून करा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, सोबत एक शिक्षिका ठेवा. सातवीपुढच्या चौघींना पिशवी, शंभराच्या दोन नोटा आणि यादी द्या: मेथी, रिबिनी, सुईदोरा, खोबरेल. एकीनं भाव विचारायचा, दुसरीनं पैसे द्यायचे, तिसरीनं उरलेले मोजायचे, चौथीनं लिहायचं. तुम्ही दहा पावलं मागं राहा आणि तोंड बंद ठेवा. सगळ्यात अवघड तेच! बोलकी पोरगी दर वेळी पुढं घुसते, तिच्या हातात पिशवी द्या. आपल्या पावरी बोलीत झकास घासाघीस करणारी मुलगी मराठी दुकानदारापुढं एकदम गप्प होते. तिला ढकलू नका. "दादा, ही बाटली केवढ्याला?" एवढं एकच वाक्य आदल्या रात्री म्हणवून घ्या. परतल्यावर हिशेब जेवणाआधी. पाच रुपये कमी भरले तर ओरडायचं नाही, पण ते कुठं गेले हे कळल्याशिवाय उठायचंही नाही.

एसटीतही तसंच. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तिकिटावरची रक्कम मुलीनंच वाचायची. कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून तिकिटामागं बाकी लिहून दिली, तर उतरण्याआधी मागायची.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट मुलीच्या खात्यात येणारे पैसे जमा झाले की बँकेतली पैसे काढायची स्लिप तिनंच भरावी, अक्षरी रकमेसकट. कोऱ्या स्लिपवर सही नाही, मागणारे गुरुजी असोत नाहीतर काका.

नळावरच्या बादलीच्या भांडणात निवाडा देत बसू नका. दोघींनी आधी समोरचीचं म्हणणं सांगायचं, मग स्वतःचं. निम्मी भांडणं तिथंच हसण्यावारी जातात.

आणि १०९८, मुलांसाठीचा मदतीचा नंबर, मुलींच्या खोलीत आतल्या भिंतीवर रंगवून घ्या. फक्त ऑफिसात लावून भागत नाही. तक्रार ऑफिसातल्याच कुणाची असू शकते. फोनही मुलींना कुणाला न विचारता उचलता येईल अशा जागी ठेवा.