नामिबियात गाडी हाणायला निघताय? आधी स्टेपनी बघा

पासपोर्ट, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, गाडी ज्याच्या नावावर बुक केली त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, टोपी, सनस्क्रीन, हे सगळं तुम्ही घेणारच, त्यात वेळ घालवत नाही. राजधानी विंडहुकला गाडी ताब्यात घेताना पहिलं काम स्टेपनी. बॅगा नंतर, फोटो नंतर. देणारा म्हणतो सगळं आहे आणि आपण मान डोलावून सही ठोकतो. अजिबात नाही. त्याला बाहेर बोलवा आणि स्टेपनी खाली उतरवून दाखव म्हणा. पिकअपची स्टेपनी मागे पोटाखाली अडकवलेली असते, बंपरपाशी एक भोक असतं, त्यातून लांब सळई घालून फिरवली की ती हळूहळू खाली येते. गेल्या खेपेला जॅक होता, पान्हा होता, ती सळईच नव्हती! सॉलिटेअर नावाच्या वाळवंटातल्या छोट्या वस्तीच्या अलीकडे भर उन्हात, स्टेपनी डोळ्यांसमोर लटकतेय आणि हाताला येत नाहीये. बऱ्याच वेळाने एक जोडपं आलं, त्यांच्या सळईने सुटलो.

तर सळई, जॅक, पान्हा, आणि स्टेपनीतली हवा. हवा विसरू नका, बसलेली स्टेपनी काय कामाची. दोन स्टेपन्या मिळत असतील तर दोन घ्या, पैशाकडे बघू नका. जॅकखाली ठेवायला एक फळकुट मागून घ्या, नाहीतर वाळूत जॅकच खाली जातो आणि गाडी आहे तिथेच.

इन्शुरन्सचे कागद वाचा, कंटाळा आला तरी वाचा. बऱ्याचदा टायर आणि काच साध्या कव्हरमध्ये नसतात, आणि शहराबाहेर रात्री गाडी चालवली तर कव्हर गेलंच. तशीही रात्री चालवू नका. कुडू म्हणजे मोठं हरीण, अंधारातून थेट बॉनेटवर येतं. एटोशा नॅशनल पार्कची गेटं सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे तिथे मुक्काम असेल तर दिवसाचा हिशोब उलटा मांडा, पोचायचं कधी ते आधी आणि निघायचं कधी ते नंतर.

रस्ते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, ते सोपं, पण बी नंबरचे हायवे सोडले की सी आणि डी रस्ते बहुतेक खडीचे. पाटी शंभरची असली तरी ऐंशीच्या वर जाऊ नका, भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना ट्रॅकर असतो आणि त्याहून मोठं कारण म्हणजे खडीवर जोरात ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटक्यात वळवलं की गाडी पलटी होते. खडीवर हवा थोडी कमी ठेवतात, किती ते गाडी देणाऱ्याला विचारा, डांबरावर आलात की परत भरा. म्हणजे छोटा कंप्रेसर हवाच. सोसुसव्लेई या वाळूच्या टेकड्यांच्या ठिकाणाचे शेवटचे पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू, फोर बाय फोर नसेल तर गाडी पार्किंगला ठेवून शटल घ्या, शहाणपणा करू नका.

पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. वॉल्विस बे या बंदराहून सॉलिटेअरला येताना मध्ये दोनशेच्या वर किलोमीटर पंप नाही. थोडी रोख ठेवा, कार्डचं मशीन बंद असू शकतं. दक्षिण आफ्रिकेचा रँडही चालतो, नामिबियन डॉलरला एकास एक.

पाणी भरपूर. ऑफलाइन नकाशा, आणि गुगल सांगतं त्या वेळेवर वेळ वाढवून धरा, खडीवर ती कधीच जमत नाही. आणि रोज सकाळी निघताना चारही टायरभोवती एक चक्कर, मागे वाकून स्टेपनी जागेवर आहे ना तेही, खडखडाटाने ढिली होते.

उत्तरेकडून दक्षिणेला येताना कच्चं मांस जवळ ठेवू नका, व्हेटरनरी फाटकावर, म्हणजे जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणूनच्या तपासणी नाक्यावर, काढून घेतात. गाडी परत देताना टाकी फुल, सगळीकडून फोटो, आणि एअरपोर्ट शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, तेवढा वेळ धरा.