एबीएसचा दिवा विझत नाही? सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा

चावी फिरवली की मीटरमधला एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा साधारण तीन सेकंद लागतो आणि विझतो. तो विझला नाही, किंवा गाडी चालवताना लागला, तर कंट्रोल युनिटने काहीतरी दोष पकडून एबीएस बंद केलं आहे असं समजा. नेहमीचे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात पेडल दाबलं तर चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहा. खाली असूनही लाल दिवा तसाच असेल तर ब्रेक ऑइल कमी झालं असेल, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही बंद पडलं असेल. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

बडोद्यात ही तक्रार पावसाळ्याशी बांधलेली असते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या सोसायट्यांत उभ्या गाड्यांच्या चाकांत पाणी शिरलं. पाण्यात उभी राहिलेली गाडी लगेच कुरकुर करत नाही. कनेक्टरमध्ये अडकलेला ओलावा पितळी पिना हळूहळू खातो आणि दिवा कधी कधी तीन-चार महिन्यांनी लागतो. तोवर पुराचं कुणाच्या लक्षातही नसतं. गॅरेजमध्ये दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लागतो, कोड येतो आणि ऐकू येतं, 'सेन्सर बदलवुं पडशे.' कोड बिघडलेला भाग सांगत नाही, बिघडलेलं सर्किट सांगतो. त्या सर्किटमध्ये चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, वायर, कनेक्टर, चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग (तिचे दात सेन्सर मोजतो) आणि युनिट असं सगळंच येतं.

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करा. ब्रेक ऑइल कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. बॅटरी कमजोर असली की गाडी सुरू करतानाच एबीएसचा दिवा लागतो, आणि सगळा दोष सेन्सरवर जातो. मग फ्यूज. एबीएसचे मोठे फ्यूज, बहुतेक पंपाच्या मोटरसाठी एक आणि व्हॉल्व्हसाठी एक, बॉनेटखालच्या डब्यात असतात. चावीवर चालणारा छोटा फ्यूज डॅशबोर्डखाली असू शकतो. डब्याच्या झाकणावरचा नकाशा पाहा. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, तेही पाहून घ्या, कारण ब्रेकचा स्विच बिघडला तरी काही गाड्यांत हाच दिवा लागतो.

आता स्कॅनर. मोबाइलला जोडायचे स्वस्त ॲडॅप्टर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे, म्हणजे सी ने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर हवा. सर्वसाधारण यादीत सी-००३५ पुढचं डावं चाक, सी-००४० पुढचं उजवं, सी-००४५ मागचं डावं आणि सी-००५० मागचं उजवं. अनेक कंपन्या स्वतःचे वेगळे आकडे वापरतात, म्हणून आपल्या गाडीची यादी लावूनच अर्थ काढा. कोड लिहून ठेवल्याशिवाय पुसू नका.

यापुढची पायरी गॅरेजमध्ये सर्रास वगळली जाते, आणि खरं उत्तर तिथेच असतं. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर २० ते ३० किमी वेगाने गाडी चालवा. आकडे शेजारी बसलेल्याने पाहायचे, चालवणाऱ्याने नाही. चारही वेग जवळपास सारखे हवेत. एखादं चाक पूर्ण शून्य दाखवत असेल तर बहुतेक वायर तुटली आहे किंवा सेन्सर मेला आहे. एखादं ठरावीक अंतराने गचका खात असेल तर रिंग तडकली आहे किंवा तिचा दात गंजून फुगला आहे. एकाच चाकाचा आकडा सतत थोडा जास्त असेल तर टायरच्या मापात फरक आहे. लहान मापाची स्टेपनी लावून फिरणाऱ्यांना हे हमखास दिसतं.

थांबता थांबता, ५ ते १५ किमी वेगावर, कोरड्या रस्त्यावरही पेडल पायाखाली थरथरतं आणि बॉनेटमधून घर्र आवाज येतो, पण दिवा लागत नाही? तिथे रिंगच पाहा. एका दातावर सिग्नल चुकतो आणि युनिटला वाटतं की चाक लॉक झालं.

आता गाडी सपाट जागी जॅकवर उचला, स्टँड लावा आणि चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. सेन्सरची वायर स्ट्रटच्या (चाकामागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) क्लिपपाशी स्टिअरिंगबरोबर सारखी वाकते. तिथे वरचं आवरण शाबूत असतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. मल्टीमीटर लावून वायर हलवत राहा, आकडा उडाला की जागा सापडली. टोचणीने आवरण भोसकू नका, त्याच भोकातून पुढच्या पावसाचं पाणी शिरतं. कनेक्टर उघडल्यावर पिनेवर हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा. पूड पिनेच्या आतपर्यंत गेली असेल तर कनेक्टरच बदला.

सेन्सर दोन जातींचे. जुन्या चुंबकी सेन्सरला चावी बंद करून ओहममध्ये मोजता येतं. साधारण ८०० ते २,००० ओहम येतात आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज हलतं. नव्या गाड्यांत बहुतेक ॲक्टिव्ह सेन्सर असतात, त्यांना ओहममीटर लावू नका, आतलं सर्किट जळू शकतं. त्यांच्यासाठी मीटर मिलिॲम्पिअरवर ठेवून वायरच्या ओळीत (सिरीजमध्ये) जोडा आणि चाक अगदी सावकाश फिरवा. आकडा ७ आणि १४ च्या आसपास उडी मारत राहिला तर सेन्सर ठीक आहे.

सेन्सर बाहेर काढलात तर टोक नीट पाहा. डिस्कच्या लोखंडी भुशाचे केस उगवल्यासारखे दिसतात, ते पुसा. बसायची जागा गंजून फुगली असेल तर सेन्सर वर उचलला जातो आणि अंतर वाढून सिग्नल कमजोर होतो. जागा पॉलिश पेपरने साफ करा. अडकलेला सेन्सर पकडीने पिळू नका, प्लास्टिक तुटून अर्धा भाग नकलमध्येच (चाक धरणाऱ्या लोखंडी भागातच) राहतो. गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा.

हल्लीच बेअरिंग बदललं असेल तर शंका तिथेच घ्या. अनेक बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकी पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसवलं तर चाक मस्त फिरतं, सिग्नल मात्र शून्य.

दुरुस्तीनंतर कोड पुसूनही दिवा तसाच राहिला तर घाबरू नका. अनेक युनिट गाडी १० ते २० किमी वेगाने चालवल्याशिवाय चाकाचा सिग्नल बरोबर मानत नाहीत. दिवा विझल्यावर रिकाम्या मैदानात, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, ओल्या किंवा खडीच्या जागेवर ३० किमी वेगाला पेडल पूर्ण दाबा आणि दाबूनच धरा. पायाखाली धडधड लागायला हवी आणि गाडी सरळ थांबायला हवी.